दुपारची कूस कोणी बदलली?

या सदरात लिहिणारे बहुतेक जण आरंभीच सांगतात की, त्यांचा अशा गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. माझी अडचण थोडी निराळी आहे. मी देव मानतो, नित्य संध्या करतो, आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले... आणि म्हणूनच ‘अमानवीय’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथांचा मला तिटकारा आहे. ईश्वरावर श्रद्धा असलेल्या माणसाला सावल्यांची आणि आवाजांची गरज पडू नये, असे माझे मत होते, आजही आहे. तरीही हे लिहितो, कारण जे घडले त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मुलगा मुकुंद हे मोबाईलवर टाईप करून देणार आहे. भाषेचा जडपणा माझा, चुका त्याच्या.

अमरावतीत साईनगर भागात आमचे लहानसे घर आहे. पुढे बैठक, मधल्या खोलीत आजारी माणसाची खाट, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून देवघर. खाटेवर माझी पत्नी सुमती असते. तिला पक्षाघात होऊन बराच काळ लोटला. उजवे अंग गेले, वाचाही गेली. अशा रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाहीतर पाठीला, टाचेला जखमा होतात आणि त्या भरून येत नाहीत. हे मला कोणी शिकवले? आमच्या सुनेने, मेघाने.

मेघा नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरातली. नर्सिंगचा डिप्लोमा करून ती येथल्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला लागली आणि तेथेच वर्षानुवर्षे राबली. पदवी नसल्यामुळे तिच्याच हाताखाली शिकलेल्या मुली तिच्या वर गेल्या. ती याविषयी तक्रार करीत नसे. फक्त ड्युटीवरून आली की चप्पल काढून भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राही, मग आत येई. सकाळी ती कामावर असताना शोभाबाई नावाची बाई सुमतीकडे पाहत असे. उरलेला सारा दिवस आणि गजर लावून सारी रात्र मेघाची. मुकुंद बियाण्यांच्या कंपनीत, आठवड्यातून चार दिवस फिरतीवर. मी? कंबरेचे हाड जोडून घेतलेला म्हातारा. माझे काम हातात उशी देण्याचे.

मागील वर्षी तिला अकोल्याच्या एका कॉलेजात पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला जागा मिळाली. डिप्लोमा आधीच झालेला असल्याने चार वर्षांची पदवी दोन वर्षांत पुरी होते. मात्र हॉस्टेलवर राहणे भाग होते. वयाच्या अटीमुळे पुढच्या वेळी अर्ज करता येईल याची खात्री नव्हती. जागा घेणार की सोडणार, हे एका ठरावीक दिवशी दुपारपर्यंत कळवायचे होते. निदान आदल्या दिवशी जाऊन कॉलेज डोळ्यांनी पाहून यावे, असा आग्रह मुकुंदने धरला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती सुमतीच्या पाठीला पावडर लावत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “बाबा, तुमीच सांगा. तुमी सांगसान तसं करीन. मले आता विचार करनं होत नाही... लय थकली मी.”

मी काय सांगणार होतो? जा म्हणावे तर सुमतीचे कोण करणार? राहा म्हणावे तर या मुलीच्या जन्माचे काय? थकलेल्या माणसाने थकलेल्या माणसाला काय सल्ला द्यावा... मी म्हणालो, उद्या कुलस्वामिनीच्या जपाला बसतो. तिच्याकडून काय कौल येतो ते पाहू. मेघा मान हलवून उठली. नंतर मुकुंदने सांगितले की, तिने मनाशी नकार ठरवूनच टाकला होता. कॉलेज पाहायचे ते केवळ त्याचे मन राखण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दोघे बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने अकोल्याला गेले. शोभाबाईने सकाळची शेवटची कूस बदलली, सुमतीला पेज भरवली आणि वलगावला भाच्याच्या बारशाला जाऊन दोन तासांनी, कूस बदलण्याच्या पुढच्या पाळीला परत येते म्हणून निघाली. तिच्यामागे मी दाराला आतून कडी घातली. ती आल्यावर बेल वाजवणार होती. मागच्या दाराला कुलूप होतेच. मी स्नान करून सोवळे नेसलो आणि जपाला बसलो.

आमच्या घरचे दोन नियम सांगितले पाहिजेत. सोवळ्यात असताना आजाऱ्याच्या अंथरुणाला शिवायचे नाही. आणि संकल्प सोडून जपाला बसल्यावर तो पुरा झाल्याखेरीज आसनावरून उठायचे नाही. वडिलांपासून चालत आलेले हे नियम मी एकदाही मोडले नव्हते.

बेल वाजली नाही. माळेवर बोटे फिरत होती, कान दाराकडे लागले होते. ऊन देवघराच्या उंबऱ्यावरून सरकले आणि मला कळले की पाळीची वेळ टळून बराच काळ गेला आहे. मी मंत्र म्हणत राहिलो... पण मंत्र आता ओठांवरच होता. डोळ्यांपुढे सुमतीची टाच येत होती. शेवटी मी माळ ताम्हणात ठेवली, देवीला नमस्कार केला आणि जप अर्धवट सोडून उठलो. तिची कूस एकट्याने बदलणे मला शक्य नाही, हे ठाऊक होते. निदान पाठीखाली हात तरी घालू, एवढेच मनात होते.

मधल्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो.

सुमतीची कूस बदललेली होती.

सकाळी ती भिंतीकडे तोंड करून होती, आता दाराकडे होती. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये दुसरी उशी. चादरीला सुरकुती नाही. वेणी उशीवरून वर घेतलेली, खांद्याखाली अडकू नये म्हणून. आणि खालच्या पायाच्या टाचेखाली कापडाची एक चुंबळ होती — डोक्यावर घागर घेताना बायका ठेवतात तशी, मऊ लुगड्याच्या तुकड्याची, नीट पिळा दिलेली. सुमती शांत होती. तिचे श्वास झोपेचे होते.

मी पुढचे दार पाहिले. कडी जागेवर. मागचे कुलूप जागेवर. हाका मारल्या... कोणाला मारल्या, तेही आता आठवत नाही. मग खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिलो. भीती वाटली का, असे मुकुंदने नंतर विचारले. भीती नाही वाटली. फार थकल्यासारखे वाटले, आणि डोके टेकावे असे वाटले.

शोभाबाई बऱ्याच उशिरा आली. वलगावच्या फाट्यावर बसच मिळाली नाही म्हणून कुरकुरत आत शिरली. मी तिला विचारले की ती मधे येऊन गेली होती का. तिने खाटेकडे पाहिले, चुंबळीकडे पाहिले आणि पदर खोचला.

“पंडितजी, मी आताच येऊन राहिली. पुढचं काही सांगू नका मले. मले उद्यापासून याच घरात काम करायचं हाय.”

संध्याकाळी मेघा आणि मुकुंद परतले. मेघाने आधी हात धुतले, मग सुमतीची पाठ पाहिली. कोठेही लाली नव्हती. मग तिला चुंबळ दिसली. चुंबळ काढून तिने हातात उलटसुलट करून पाहिली. मला विचारू लागली, हे कोणी ठेवले? मी घडले ते सारे जसेच्या तसे सांगितले. मुकुंद मध्येच हसला.

मेघाचे म्हणणे असे की, हे काम तिचे नाही आणि शोभाबाईचेही नाही. टाचेखाली चुंबळ ठेवणे ही जुनी रीत. चुंबळीने त्या भागाचे रक्त अडते, म्हणून आता नर्सेसना ती ठेवू नका असे शिकवतात. तिने स्वतः आयुष्यात कधी ठेवली नव्हती. तेव्हा मला आठवले ते मी सांगावे की नाही, असा क्षणभर विचार केला... पण सांगितले. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही अंबागेटजवळ भाड्याने राहत होतो, तेव्हा माझी आई अशीच अंथरुणाला खिळली होती. सुमती तिच्या टाचेखाली अशीच चुंबळ ठेवत असे. त्या वेळी ती नवी सून होती.

मेघा खुर्चीत बसली. तिच्या मते उलगडा सोपा होता: मीच केले असणार. जपाच्या तंद्रीत उठलो, पूर्वी पाहिलेले हातांनी केले आणि विसरलो. तिने दवाखान्यात याहून विचित्र गोष्टी पाहिल्या आहेत. मी म्हणालो, लुगड्याचे तुकडे माळ्यावरच्या बोचक्यात आहेत, मी शिडी कशी चढणार? ती म्हणाली, एखादा तुकडा गादीखाली पडला असेल. तिच्या या उत्तराने मी मोठ्या पेचात पडलो. मी ‘असेल’ म्हणालो असतो, तर मला कूस बदलता येते असे समजून ती निर्धास्तपणे अकोल्याला गेली असती. गप्प बसणेही पुरेसे होते. परंतु ज्या गोष्टीवर तिचे सारे आयुष्य अवलंबून होते, ती मी खोट्यावर उभी करू शकत नव्हतो.

मी म्हणालो, “मेघा, मी केलेले नाही. मला कूस बदलता येत नाही, बेटा.”

तिने चुंबळ स्टुलावर ठेवली. बाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, त्याचाच आवाज येत होता. मग ती उठली.

“कोणी केलं ते मले नाही माहीत, बाबा. पन येत नाही म्हणता ना, मंग या इकडं.”

मी सोवळे-ओवळे असे काही पुटपुटलो असेन. ती म्हणाली, “धोतर बदला नाही त तसेच या. आईले वाट पाहाले लावू नका.”

तिने मला शिकवले. सुमतीचा एक गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यावर, एक कंबरेवर. आणि जोर हातांनी लावायचा नाही, आपले वजन मागे न्यायचे. खाली घातलेली आडवी चादर ओढायची. मी दोनदा चुकलो. दुसऱ्यांदा माझ्या कंबरेत कळ आली आणि मेघाने मला चांगलेच सुनावले — संस्कृत शिकवताना पोरांना असेच शिकवायचे का, पहिल्या धड्याला रडायचे? मुकुंद दारात उभा राहून पाहत होता. तिने त्यालाही आत ओढले. तिसऱ्या वेळी सुमती माझ्या हातांनी वळली. साऱ्या संसारात तिचे शरीर मी असे प्रथमच सांभाळत होतो, हे मला त्याच क्षणी कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मेघाने कॉलेजला फोन करून जागा घेत असल्याचे कळवले. नंतर ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. तिने मला पुन्हा विचारले नाही, आणि देवीने काय सांगितले हेही विचारले नाही. मला तरी काय माहीत होते? जप तर मी अर्ध्यावरच सोडला होता.

हॉस्टेलवर जाण्याच्या दिवशी बॅग उचलताना ती एवढेच म्हणाली, “आईलेच विचारा ना, बाबा. हो असलं की डोळे मिटतेच त्या.”

हे खरे होते. सुमतीशी आमचे सारे बोलणे तसेच चालते — ‘हो’ला डोळे मिटते, ‘नाही’ला उघडे ठेवते. आणि तरीही इतके दिवस मी तिला विचारायचे टाळले होते. का, ते सांगता येत नाही.

त्याच दुपारी विचारले. मेघाची गाडी तेव्हा मूर्तिजापूरच्या आसपास असेल. मी स्टूल जवळ ओढले. शोभाबाई होती का? डोळे उघडे. मेघा होती का? डोळे उघडे. मग विचारले... माझी आई होती का? डोळे उघडेच, माझ्याकडे लागलेले. शेवटी विचारले, मी होतो का?

तिने डोळे मिटले नाहीत. उघडेही ठेवले असे म्हणवत नाही. पापण्या अर्ध्यावर आल्या आणि तेथेच राहिल्या. ओठाचा डावा कोपरा जरासा वर गेला. तिला चांगल्या दिवसांत माझे हसू येई, तेव्हा असाच जात असे. मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार होतो, तेवढ्यात तिची नजर माझ्यावरून निघून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तेथेच थांबली.

पाळीची वेळ झाली होती. मी उठलो, तिचा गुडघा वाकवला, एक हात खांद्यावर ठेवला आणि वजन मागे नेले.