साडूंची सुई

उघडी वस्तू आणि आमचे साडू एका खोलीत फार वेळ राहू शकत नाहीत. थोड्या वेळाने एक तर साडू उठून जातात, नाहीतर त्या वस्तूवर क्रोशाचं आवरण येतं. आणि साडू उठून गेल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्या घरातल्या टीव्हीला, मिक्सरला, माठाला, माठावरच्या तांब्याला आणि दाराच्या कडीलासुद्धा त्यांनी विणलेली अंगडी-टोपडी चढवली आहेत. रिमोटवरच्या जाळीतून बटणं दिसत नाहीत म्हणून ती मी एकदा काढून ठेवली, तर आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पावणं, रिमोट उघडा का ठेवलाय? धूळ बसती की." मी म्हटलं, जाळीमुळे आवाज वाढवायला गेलो की चॅनेल बदलतं. "मग ऱ्हाऊ द्या की आवाज हाय तेवढा," असं म्हणून त्यांनी खिशातून सुई काढली आणि ती जाळी आणखी घट्ट करून दिली.

साडू हे नातं मुळात हेवा करायलाच काढलेलं असावं. दोन सख्ख्या बहिणी दोन घरी जातात आणि त्यांचे नवरे जन्मभर एकाच तागडीत बसून राहतात. आमच्या तागडीत बरीच वर्षं माझं पारडं जड होतं. मी सरकारी कचेरीत पंख्याखाली बसणारा, आणि ते सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. कुंभारीच्या घरून सायकलवर जायचे-यायचे, संध्याकाळी भेटले की भुवयांवर कापूस असायचा. त्या काळात मला त्यांच्याविषयी फार प्रेम होतं, हे मी मोकळेपणाने सांगतो. पुढे आम्ही दोघेही निवृत्त झालो. मी वर्तमानपत्र वाचू लागलो आणि त्यांनी, हाताला स्वस्थ बसवत नाही म्हणून, क्रोशाची सुई उचलली. माझं प्रेम आटायला लागलं ते तिथून.

बरं, हा माणूस विणतो कुठे, असं विचारण्यापेक्षा कुठे विणत नाही ते विचारावं. पंगतीत वाढपी येईपर्यंत विणतो. रेशनच्या रांगेत विणतो. एकदा मंगळवेढ्याला एका नातेवाइकांकडे दुखवट्याला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि आमचे साडू उपरण्याखाली हात घालून पुटपुटतायत, "दोन साखळ्या, एक खांब, दोन साखळ्या, एक खांब." आता साखळी आणि खांब हे क्रोशाचे टाके आहेत हे त्या घरातल्या म्हाताऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याला वाटलं जप चाललाय. निघताना तो साडूंच्या पाया पडला. साडूंनी शांतपणे आशीर्वाद दिला आणि परतीच्या एसटीत कंडक्टरच्या तिकीट मशीनसाठी पिशवी विणायला घेतली. सोलापूर यायच्या आत ती मशीनला चढली होती, आणि कंडक्टरने उतरताना मला नाही, त्यांना नमस्कार केला.

इथवर माझी हरकत नव्हती. हरकत सुरू झाली पुतणीच्या लग्नात. माझ्या बायकोच्या ब्लाऊजच्या बाह्यांना साडूंनी केलेली लेस होती आणि पाठीवर बारीक जाळीचं मोराचं पीस. अख्ख्या मांडवातल्या बायका तिच्या पाठीमागे उभ्या राहायला लागल्या. जी येईल ती विचारायची, "कुणी केलं वो हे?" आणि बायको दरवेळी मान जराशी वळवून सांगायची, "आमच्या दाजींनी." साडी मी घेतली होती. साडीबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या पोटात दुखलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या नावाने तिने एकदाही तशी मान वळवलेली मला आठवेना.

मग मी गुपचूप सुई आणली. बायको देवळात गेली की मोबाईलवर बघून शिकायचो. पंधरा दिवसांत मी गळ्याची एक लेस तयार केली. तिला कुठून गळा घालायचा हे माझं मलाच नीट कळत नव्हतं, म्हणून ती ओट्यावर ठेवून विचार करत होतो, तेवढ्यात दाराची बेल वाजली, बायको देवळातून आली होती. दार लावून परत येतो तर ती त्या लेसने कढई घासत होती. "ही घासणी कुठून आणलीत?" ती म्हणाली, "लई चांगली हाय. आणखी दोन आणा."

शेवटी ठरवलं, साडूंना तोंडावर सांगायचं की माझ्या बायकोसाठी विणणं आता पुरे. स्कूटर काढून कुंभारीला गेलो. त्यांच्याकडे मी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, बायको जाऊन येई, आणि मी फक्त "बरी आहेत ना सगळी?" एवढं विचारी. साडू घराबाहेर पायरीवर बसून विणत होते. "या की पावणं," म्हणून त्यांनी सुई आणि दोरा पायरीवरच्या डब्यात घातला, झाकण लावलं, कपडे झटकले आणि मगच आत आले. आत मी बघतच राहिलो. त्या घरात क्रोशाचा एक टाका नव्हता. टीव्ही उघडा. माठ उघडा. मेजावर रुमालसुद्धा नाही.

मेहुणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, भिंतीला टेकून बसली होती. माझी नजर कुठे फिरतेय ते तिने ओळखलं. "मीच नको म्हनलंय," ती म्हणाली. "बावीस वर्षं कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरलं मी. नाकातोंडात सूत. आता धागा दिसला तरी दम लागतो. ह्यास्नी म्हनलं, करायचं ते भाईर करा आन दुसऱ्याच्या घरात द्या." एवढं बोलून तिला खोकला आला. साडूंनी पाणी दिलं, ती पिईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

मला निरोप द्यायला ते पायरीपर्यंत आले. डब्यातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पांढरं सुती जाकीट होतं, बिनबाह्यांचं. "द्या आमच्या मेहुणीला," म्हणाले. मी विचारलं, "माप कधी घेतलंत?" तर ते हसले. "माप हिचं हो. हिच्यासाठीच करायला घेतो मी समदं. घालायची न्हाई, म्हाईत हाय. पर दोघी भनींचा खांदा सारखाच हाय की, तुमी बघितला नसंल. मांडवात तिच्या अंगावर दिसलं की वाटतं, झालं काम." आतून अक्काने हाक मारली, "पावण्यास्नी च्या तरी पाजलासा का?" आणि ते तसेच लगबगीने चहा टाकायला आत गेले. मीही परत आत जाऊन बसलो, चहा प्यायलो आणि जाकीट काखेत मारून निघालो.

साडूंचा हेवा आता वाटत नाही असं मी म्हणणार नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त वाटतो, फक्त तो सुईचा नाही. मी घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. जाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं, तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि वीत तिच्या खांद्यावर टेकवली.

"काय वो, हे काय?"

"माप घेतोय."

तिने हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

"मग नीट घ्या की," ती म्हणाली. आणि खांदे ताठ करून बसली.