कुलुपातल्या लॅपटॉपमधला आवाज

चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. वय शहात्तर. नंदुरबारजवळच्या कोरीट गावचा. देव मानतो, पण भूतखेत, भास, आवाज असलं कोणी सांगितलं की त्याच्या तोंडावर हसत आलो. आज माझ्यावर कोणी हसलं तरी चालेल… शब्द माझे आहेत, टाईप सून करतेय.

माझा एकुलता एक मुलगा नंदुरबारला नोकरीला होता. त्याने तिथेच घर घेतलं आणि गाव सोडलं. तेव्हा मी चार माणसांत म्हणालो होतो – ‘मी मेलो तरी माझ्या दारवर येऊ नको.’ दारवर म्हणजे मयताच्या घरी भेटायला जातात ते. तीन वर्षं आम्ही बोललो नाही. मग तो आजारी पडला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तोंडात नळी होती. आषाढात तो गेला… आणि त्याच्या दारवर येणाऱ्यांना हात जोडत माझ्याच ओट्यावर मी बसलो.

क्रियाकर्म कोरीटला केलं. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी सुनेने त्याचा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला.

“आबा, नळी टाकाना आगुदर त्यासनी तुमनासाठे यामा काहीतरी बोली ठेयेल शे. माले बी बाहेर काढं व्हतं. देखी ल्या ना.”

मी म्हणालो, “आखाजीनी घागर भरायनी म्हंजे मंग उघडसूत. त्याआगुदर कोन्ही हात लावाना नही.”

आमच्या घरात रीत आहे – आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्याच्या नावाने पहिली घागर भरेपर्यंत त्याचे कपडे, ताट-तांब्या कोणी वापरत नाही. लॅपटॉपला ही रीत मीच लावली. खरं सांगायचं तर, आत तो काय बोलला असेल याची मला धास्ती होती. लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, चावी कडदोऱ्याला बांधली. आंघोळीला पण सोडली नाही.

सून दहा महिने गप्प राहिली. आखाजीला घागर भरली, विस्तवावर घास टाकून आगारी टाकली, दुपारी कपाट उघडलं. बॅटरी मेलेली होती. चार्जर लावला तर आतून नुसतं टक… टक… टक… पडदा काळाच.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला दुकानात गेलो. दुकानदाराने लॅपटॉप तपासला, खरेदीचा कागद पाहिला. “आबा, हार्डडिस्क गेली. वॉरंटी पण अकरा दिवसांपूर्वी संपली.”

“अकरा दिवस काय असतात रे? घरात ठेवलेली वस्तू, वापरली सुद्धा नाही!”

“बियाण्याची पिशवी नाही आबा, उगवलं नाही म्हणून बदलून द्यायला. आणि वॉरंटीत नवी डिस्क मिळाली असती, आतलं नसतं मिळालं. दहा महिन्यांपूर्वी आणला असता तर कदाचित…”

मी पुढचं ऐकलं नाही. सुनेने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

सुरतला एक माणूस असल्या डिस्क उघडतो म्हणे. तिकडे दिली. वीस दिवसांनी त्याने बोलावलं. ‘आबांसाठी’ नावाची फाईल दिसते, पण ती उघडत नाही, तिथेच चकतीवर ओरखडे आहेत, असं म्हणाला. सगळ्यातून एकच फाईल निघाली. चार मिनिटांची, नुसता आवाज. तारीख गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवसाची.

सून म्हणाली, “तव्हय तर कपाटमा व्हता.”

त्याने फाईल लावली.

माझा आवाज होता.

त्या तारखेला पाहुणे गेले होते, सून माहेरी गेली होती. घरात मी एकटा. बंद कपाटाला डोकं लावून मी जे बोललो, ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मुलाला मी भाऊ म्हणायचो. “भाऊ, मी रागमा बोलनू रे. तू मन्हा दारवर येवाले पाहिजे व्हता. मी आगुदर जावाले पाहिजे व्हतू…”

सुरतवाला म्हणाला, लॅपटॉपचं घड्याळ चुकतं कधी कधी. चुकत असेल. पण हे शब्द मी एकदाच बोललो, त्याच दिवशी. लॅपटॉप बंद, कुलुपात, चावी माझ्या कमरेला. मग ते त्यात भरले कोणी? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी ती फाईल परत ऐकली नाही. सून ऐकते. परवा मी तिला विचारलं, “मन्हं बोलनं तर मिनिटभरनं. पुढे काय शे?”

ती म्हणाली, “काही नही आबा. कोन्हीतरी श्वास ली ऱ्हायनं. शेवटलोंग.”

शेवटपर्यंत श्वास? मी तर बोलून झाल्याबरोबर ओट्यावर निघून गेलो होतो. शिकलेल्या लोकांनी याचा उलगडा करावा. मला झालेला नाही. आणि माझा मुलगा मला काय सांगून गेला, तेही आता कधी कळायचं नाही.