उलट्या कॅमेऱ्यातलं स्थळ

माझ्या मेहुणीने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत होता. (ती अवस्था मी आणली होती.)

सिंदेवाही माझी सासुरवाडी. मेहुणी वैशालीला पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर ठरला. मोबाइलवर सहज झालं असतं. पण मी थोरला जावई! छाती पुढे काढून सासऱ्यांना म्हणालो, "मामाजी, मोबाइलमंदी पोरगा सुपारीएवढा दिसते. माझा लॅपटॉप आणतो!"

लॅपटॉप म्हातारा. तो सुरू होईपर्यंत वरण शिजून, निवून, जेवणंही आटपायची. आरमोरीचा एक मित्र म्हणाला, "लिनक्स टाक. फुकट हाय, अन् जुनं मशीन पळाले लागते." झालं! पेन ड्राइव्हवर ती नवी सिस्टीम उतरवून घेतली आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच, सासऱ्यांना मदतीला बसवून, शस्त्रक्रिया आरंभली.

पडदा काळा झाला. तो काळाच राहिला.

"जवाईबापू, गेला का?" सासऱ्यांनी हळूच विचारलं. (त्यांनी टोपीसुद्धा काढली होती!)

"नाई जी मामाजी. पुन्हा टाकतो."

दुसऱ्यांदा टाकताना भाषा निवडण्याच्या जागी बोट घसरलं आणि लॅपटॉप तेलुगू बोलू लागला.

"सिरोंच्याच्या व्याह्यांले बलावू का? त्यांले तेलुगू येते." सासरे म्हणाले.

तिसऱ्यांदा मात्र सगळं जमलं. लॅपटॉप हरणासारखा पळाला! सासऱ्यांनी टाळी वाजवली. मी ऐटीत कॅमेरा सुरू केला, आणि पडद्यावर मी आणि सासरे छताला वटवाघळांसारखे लटकलेले!

"काऊन जी, माह्या बहिणीले असं दाखवता का?" माझी बायको सुनंदा कडाडली.

कारखान्यात तो कॅमेराच उलटा बसवलेला होता. जुनी सिस्टीम चित्र गुपचूप सरळ करायची. लिनक्सला हे कुणी सांगितलंच नव्हतं! पाहुण्यांचा कॉल आता येणार. मग मी ती अजरामर युक्ती काढली. लॅपटॉपच उलटा करायचा! खिडकीच्या गजांना सुतळीने घट्ट बांधला. कीबोर्ड वर, पडदा खाली.

कॉल आला. आता आम्ही त्यांना सरळ दिसत होतो. फक्त ते तिघं, मुलगा आणि आईवडील, आम्हाला उलटे दिसत होते. साहजिकच आमच्या अख्ख्या घराच्या माना उजवीकडे वाकल्या.

मुलाची आई पडद्याजवळ वाकली. मग काळजीने म्हणाली, "सगळ्यांच्याच मानेला त्रास आहे का?"

"घरात पिढीजात आहे का हे?" वडिलांचा आवाज गंभीर झाला. स्थळ हातचं चाललं!

"नाई जी," मी पुढे सरसावलो, "आमच्याकडे पाहुण्यांले असाच मान देतात!"

सुनंदाने मला असा चिमटा काढला की माझी मान आपोआप सरळ झाली.

इतका वेळ खाली पाहत बसलेली वैशाली एकदम मुलाच्या आईला म्हणाली, "आई, मानेले काई नाई झालं. भाऊजींनं कम्प्युटर बिघडवला अन् मंग उलटा बांधून ठेवला. तुम्ही सगळे आमाले उलटे दिसून राह्यले!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि पलीकडे तो मुलगा हसायला लागला. इतका हसला की खुर्चीवरून घसरला, आणि आम्हाला तो वर, छताकडे पडताना दिसला!

पुन्हा बसून तो म्हणाला, "मलाही यातलं फार कळत नाही. पण थांबा, शोधून सांगतो."

लॅपटॉप सोडायला गेलो, तर मीच मारलेल्या गाठी मला सुटेनात. शेवटी वैशाली, पंखा पुसावा तसे हात वर करून, उलट्या कीबोर्डवर टाइप करू लागली. पहिल्याच उपायाने आवाज गेला. मग तिने त्या मुलालाच फोन लावून मोबाइल कानाला धरला; त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आता काय दिसतंय?"

"लाल अक्षरं आली जी."

"मग?"

"मंग तुम्हीच सांगा!"

मुलगा फोन घेऊन उठून गेला, आणि पडद्यावर त्याचे आईवडील उलटे, मुके, हात हलवत बसलेले. इकडून आम्ही हात हलवत. चहा गार झाला, दुसरा आला. वैशाली केव्हाच लॅपटॉप सोडून अंगणात गेली होती, फोन अजून कानालाच.

मी मदतीला निघालो, तर सासूबाईंनी माझी बाही धरली. "बसा चुपचाप!"

अंगणातून वैशालीचा आवाज आला, "तिकडे पुण्याले चांगला तांदूळ भेटते का पण?"

कॅमेरा सरळ झालाच नाही. लग्न मात्र ठरलं. त्या लग्नात सासऱ्यांनी मला भारी आहेर केला, पहिल्या पंगतीत मानाने बसवलं, आणि मी साउंडवाल्याच्या मशीनकडे फिरकू नये म्हणून तिथे दोन धिप्पाड पाहुणे उभे केले!