माघापर्यंतचं तेल

आमच्या घरात केसांचा माज होता आणि तो सगळा माझ्याच डोक्यावर होता. नववीत गेले तेव्हा माझी वेणी कमरेच्या खाली लोंबायची. शाळेसाठी दोन वेण्या घालून वर दुमडून लाल रिबिनीनं बांधल्या, तरी त्या खांद्यावर आपटायच्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, "हिला केस हायेत का केसांना ही हाय?" मला हे बोलणं फार आवडायचं. ते ऐकायला मिळावं म्हणून मी पाण्याला जाताना मुद्दाम त्यांच्या दारावरून वळसा घालून जायचे.

त्या वर्षी आषाढात मला टायफॉईड झाला. शिरूरच्या दवाखान्यात सलाईनवर काही दिवस काढले, घरी येऊन पेज पीत पडले, आणि ताप उतरला तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पण गणपतीच्या सुमाराला केस जायला लागले. फणीत मूठभर, उशीवर, दप्तरात, भाकरीच्या ताटात. भांग रुंद होत गेला. कपाळाच्या वर दोन्ही बाजूंनी कातडी दिसायला लागली. एकदा वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीनं माझ्या पाठीवरचा एक लांब केस उचलला आणि काही न बोलता खिडकीबाहेर टाकला. ती चिडवणारी नव्हती, चांगली मुलगी होती. म्हणूनच मला जास्त लागलं.

डॉक्टर म्हणाले, "तापानंतर जातात असे. मुळं शाबूत आहेत, येतील परत. धीर धरा आणि पोरीला नीट खाऊ घाला." आईचा डॉक्टरांवर विश्वास होता, पण तो तापापुरता. केसांच्या बाबतीत ती स्वतःच डॉक्टर होती.

आई तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. सकाळी फाट्यावरून कंपनीची बस पकडायची आणि दिवे लागताना परत यायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेत बघायचे. आम्ही मूळचे मेंढरंवाले. घोड नदीचं पाणी शेताला आलं तसे आम्ही कांद्याचे आणि झेंडूचे झालो. तरी आप्पांनी चार-पाच मेंढरं ठेवली होती. कशाला, विचारलं तर म्हणायचे, "सवय मोडू ने म्हणून."

नवरात्रात आईनं निकाल सांगून टाकला. "चकोट करून टाकू. येकदा गोटा केला की दाट येत्यात."

मी किंचाळलेच. माघात यवतला माझ्या मामाचं लग्न होतं आणि मी करवली होणार होते. आईचा हिशेब वेगळा होता. विरळ केस घेऊन मिरवण्यापेक्षा आत्ताच डोकं भादरलं तर माघापर्यंत एकसारखे बोटभर तरी येतील, आणि नाहीच आले तर डोक्यावर पदर घेता येईल. तिला खरी धास्ती लग्नातल्या बायकांची होती. त्या बघणार, कुजबुजणार, आणि चार वर्षांनी मला बघायला कोणी येणार असेल तर ही कुजबूज त्याच्या आधी पोचणार.

"मी शाळाच सोडीन," मी म्हणाले.

"सोड. कंपनीत बायका पायजेलच हायेत," आई म्हणाली. माझ्या आईशी भांडणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, आणि डोक्याचीच तर पंचाईत होती.

आप्पा उंबऱ्याशी बसून हे ऐकत होते. घरातल्या बायकांच्या बोलण्यात ते कधी पडायचे नाहीत. त्या दिवशी पडले.

"कातरल्यानं लोकर दाट व्हत न्हाई," ते म्हणाले. "मी काय कमी मेंढरं कातरल्यात? खाल्ल्यालं अंगी लागलं आन् कातडं मऊ राह्यलं, तरच लोकर येती."

"ती माणसाची पोर हाय. मेंढरू न्हाई."

"कातडं ते कातडंच. रोज तेल चोळू, माघापर्यंत बघू. न्हाई आलं तर मीच न्हाव्याला घिऊन येतो."

"आन् चोळणार कोण? कंपनीतनं येऊन मी भाकरी थापायच्या का हिचं डोकं चोळायचं?"

आप्पांनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "मी चोळतो की."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी लुगडं नेसतो म्हणून सांगितलंय. माझीही तीच गत झाली. मी मोठी झाले, म्हणजे आमच्याकडे ज्याला शहाणी होणं म्हणतात ते झालं, तेव्हापासून आप्पा माझ्याशी जरा लांबूनच बोलायचे. लहानपणी मला खांद्यावर घेऊन बांधाबांधानं फिरणारा माणूस. आता वहीला पैसे द्यायचे तरी ते कट्ट्यावर ठेवायचे आणि "घे गं" म्हणून निघून जायचे. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. बापानं असंच वागायचं असतं, हे त्यांनी कुठंतरी बघितलं असणार. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे कळू नये म्हणून मी त्यांच्याशी तुसडेपणानं बोलायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर आप्पांनी दारात घोंगडं अंथरलेलं. स्वतः पायरीवर बसलेले आणि शेजारी तेलाची वाटी. तिन्हीसांजेला केस सोडू नयेत असं आई म्हणायची, म्हणून दिवेलागणीच्या आत उरकायचं होतं. मी त्यांच्या पुढ्यात पाठ करून बसले. आप्पांनी तेल ओतलं आणि दोन्ही हातांनी माझं डोकं असं घुसळलं की माझे दात एकमेकांवर आपटले. मेंढरं नदीत धुवायची त्यांना सवय होती. मी स्वतःला धुवायचं मेंढरू समजून घेतलं आणि तशीच बसून राहिले.

मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या बाकावरच्या दोघी उठून पुढं जाऊन बसल्या. मास्तरांनी खिडक्या उघडायला लावल्या. आई आदल्या रात्री यवतला माहेरी राहिली होती; ती संध्याकाळी घरात शिरली आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "घरात मेंढरं बांधली का काय?" तेव्हा उलगडा झाला. आप्पांनी मेंढरांच्या गोचिडांवर लावायचं करंजाचं तेल माझ्या डोक्याला चोळलं होतं. "कातड्याला लई भारी असतं ते," ते म्हणत राहिले. आईनं शिकेकाईनं माझं डोकं धुतलं आणि धुताना तिला एवढं हसू आलं की तांब्याच तिच्या हातातून पडला. मी मात्र आप्पांशी बोलले नाही.

आप्पांनी काय केलं, तर सकाळी बांधावरचा माका उपटून आणला, काकूंच्या दारची जास्वंद मागून घेतली, दुकानातून खोबरेल आणलं आणि लोखंडी कढईत सगळं मंद आचेवर कढवलं. गाळून गार केलं. संध्याकाळी घोंगडं पुन्हा अंथरलं. मला हाक मारली नाही. नुसते बसून राहिले. मग मी गेले.

यावेळी त्यांचे हात वेगळे चालले. नखं त्यांनी कोयत्यानं तासावीत तशी बारीक कापली होती. बोटांच्या टोकांनी नव्हे, पेरांच्या गादीनं ते टाळू दाबायचे, आणि बोट एका जागी ठेवून खालची कातडी हळूहळू फिरवायचे. एक जागा झाली की बोटभर पुढं. कपाळापासून माथ्याकडे, कानशिलांपासून वर. "केस घासायचं न्हाई," ते स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले. "कातडं हाललं पायजे. घासलं तर हायेत ते बी तुटत्यात." थोड्या वेळानं डोक्यात ऊब यायची आणि मानेपर्यंत उतरायची. कांद्याचा वास त्यांच्या हाताला कायमचा होता. तो तेलातूनही यायचा.

गावात अशी गोष्ट लपत नाही. एकदा वाटेनं जाणारा एक माणूस थांबून म्हणाला, "आप्पा, आता वेणी-फणीचं दुकानच टाका." आप्पा मान वर न करता म्हणाले, "टाकतो की. पयलं गिऱ्हाईक तुमची मिशी." तो हसत हसत गेला. मला वाटलं आता आप्पा घोंगडं उचलून परसात नेतील. नेलं नाही.

पाठ त्यांच्याकडे होती म्हणून असेल, पण त्या अर्ध्या तासात आप्पा बोलायचे. समोरासमोर ते चार शब्दांचे धनी, मात्र बोटं चालू झाली की जीभही सुटायची. मेंढरं घेऊन ते घाट उतरून कोकणात कसे जायचे, खतासाठी शेतात मेंढरं बसवली की शेतकरी जोंधळे कसे मोजून घालायचा, एकदा वाघरू आलं तेव्हा कुत्र्याआधी ते स्वतःच कसे पळाले. हे मी कधी ऐकलं नव्हतं. मीही सांगायचे. शाळेतलं, मैत्रिणींचं, गणिताची भीती वाटते ते. समोर बसून मी त्यांना हे कधी सांगितलं नसतं.

केस काही येत नव्हते. गळायचे मात्र कमी झाले होते. दर रविवारी, कंपनीच्या सुट्टीला, आई मला उन्हात उभी करून भांग तपासायची आणि "हं" म्हणायची. दिवाळीत "हं." तुळशीच्या लग्नाला "हं." आई माझे गळलेले केस गोळा करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. केसांवर भांडी देणारी बाई गावात आली तेव्हा आईनं तो सगळा बुचका तिला दिला आणि स्टीलची एक वाटी घेतली. मी त्या वाटीत काही खायला साफ नकार दिला. "तुझ्याच केसांची हाय, उष्टी न्हाई," आई म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं मला काय होतंय ते.

संक्रांत झाली. आईनं न्हाव्याला निरोप द्यायची भाषा सुरू केली. त्या दिवशी तेल लावताना आप्पांची बोटं रोजच्यापेक्षा जास्त वेळ फिरली. मी मनात म्हणत होते, येऊ देत, येऊ देत. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की केस आले की हे घोंगडं उचललं जाणार. त्या विचाराकडे मी बघायचंच टाळत होते.

मालिशीनं केस येतात का, असं मला पुढं पुष्कळ जणींनी विचारलं. आता पार्लरमधल्या मुली सांगतात, टाळूला रक्त खेळतं, मुळांना बळ मिळतं. तसं असेलही. डॉक्टर म्हणाले होते तसे ते आपोआपही आले असते. शेंगदाणे आणि गूळ तर मी रोज मूठ मूठ खात होतेच. मी छातीठोकपणे एवढंच सांगू शकते की तापानंतर सतत ठणकणारं माझं डोकं थांबलं, आणि किती तरी दिवसांनी मला गाढ झोप लागायला लागली.

लग्नाच्या आधीच्या रविवारी आप्पांनी दुपारीच तेल लावायला घेतलं, कारण संध्याकाळी यवतला निघायचं होतं. आई हातातली लुगड्यांची घडी टाकून आली आणि माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे केलं. मी डोळे मिटले. बराच वेळ "हं" आलं नाही.

"अगं बया," आई म्हणाली. "अवं, हे बघितलं का? जावळ फुटलंय!"

तिनं माझं बोट धरून कपाळाच्या वर फिरवलं. खरंच, तान्ह्या पोराच्या डोक्यावर असतं तसं मऊ काहीतरी बोटाला लागत होतं. भांगाच्या दोन्ही बाजूंनी, कानशिलांवर, जिथं जिथं केस गेले होते तिथं. आई लगबगीनं घरात गेली, देवापुढं साखर ठेवली आणि तीच आणून माझ्या आणि आप्पांच्या तोंडात घातली. काकूंना हाक मारली. चकोट करायची भाषा कोणी केली होती हे ती साफ विसरून गेली होती.

मग ती म्हणाली, "बास झालं आता. चांगली घोड्याएवढी झाली पोरगी, आन् बापाच्या पुढ्यात बसती. हितनं पुढं तिचं ती लावील."

"व्हय, व्हय," आप्पा म्हणाले. "झालंच की काम." माझ्या डोक्यावरचे हात निघाले. त्यांनी ते पंच्याला पुसले, घोंगडं झटकलं आणि उठले.

मला रडू कोसळलं. आई हसायला लागली. "अगं येडे, केस आलं आन् रडती कशापायी?"

"उद्या तेल कोण लावणार?" मी विचारलं. याहून जास्त काही मला बोलता येत नव्हतं.

"मी हाय की! न्हाईतर तुझं तू लाव. हात मोडल्यात का?"

आप्पा गोठ्याकडे निघाले होते. ते थांबले. वळले नाहीत. जरा वेळ मेंढरांकडे बघत उभे राहिले आणि मग आईला म्हणाले, "पुढचं आलंय, खरं. पण मागच्या बाजूला अजून लई विरळ हाय. उन्हाळ्यापत्तुर लावावंच लागंल."

आईनं माझी वेणी बाजूला करून बघितलं. मग आप्पांच्या पाठीकडे बघितलं, आणि लुगड्यांची घडी घालायला आत गेली. मागच्या बाजूचे माझे केस कधी गेलेच नव्हते.