साडेसातच्या मालिकेतली वहिनी

द्रौपदाबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. धंदाच तसा होता. धरणगावात एरंडोल रस्त्याला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार टेम्पोतून उतरवायचा आणि म्हणायचा, "अक्का, चालता चालता बंद पडली बघा. आम्ही काहीच केलं नाही." त्या मोटार उघडायच्या, काळी पडलेली कॉइल नाकाजवळ न्यायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "तिसरी फेज गेलेली असताना दोन फेजवर किती वेळ चालवली, खरं सांग." समोरचा मग खाली बघायचा.

हे काम त्यांना नवऱ्याने शिकवलं होतं. आधारभाऊ मूळचे वाइंडर, जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळणारे. सात वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. जळगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. केसासारखी तार त्या हातांनी मोटारीच्या खाचेत बसेना. तेव्हा दुकान द्रौपदाबाईंनी घेतलं आणि स्वयंपाकघर आधारभाऊंनी. कुणी ठरवलं नाही, बैठक बसली नाही. भाकरी थापणं काही त्या हातांना जमलं नाही, पण डाळ, भाजी, खिचडी ते झकास करत. गाव चार दिवस बोललं आणि विसरलं.

मग मालिका आली. रोज साडेसातला लागणारी, अख्ख्या गल्लीत बघितली जाणारी विनोदी मालिका. मार्गशीर्षात तिच्यात एक नवीन बाई दाखल झाली, स्पॅनरवहिनी. कमरेला पान्हा खोचलेला, बोलणं खानदेशी, आवाज भोंग्यासारखा. घरात नवरा एप्रन बांधून उभा. बायको उंबऱ्यात आली की त्याचे हात थरथरायला लागायचे, हातातला कप बशीवर खडखड वाजायचा आणि मागून हसण्याचा गलका उठायचा.

द्रौपदाबाईंनी या वहिनीचा पहिला भाग पाहिला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मोटारी दुरुस्त करणाऱ्या बाया असतील आणखी कुठेतरी. खानदेशीही बोलत असतील. पण दुसऱ्याच आठवड्यात ती वहिनी नवऱ्याला म्हणाली, "तुमचं डोकंच एकदा रिवाइंड करायला टाकते!"

हे वाक्य त्यांचं होतं. दिवाळीच्या आधी आधारभाऊंनी डाळीत दोनदा मीठ घातलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. दोघंही पोट धरून हसले होते. हे वाक्य मुंबईला पोचलं कसं?

गावाला तर आयतं कोलीत मिळालं. रुपचंद पाटील मोटार न्यायला आले तेव्हा दारातूनच ओरडले, "काय आधारभाऊ, भाजी करपली तर पान्ह्याचा मार बसस का?" आधारभाऊ कसनुसं हसले आणि आत गेले. त्या दिवसापासून ते दुकानाच्या बाजूला फिरकेनासे झाले. द्रौपदाबाईंनी ते पाहिलं आणि दात आवळले. चहाडी करणारा सापडला पाहिजे.

मोटारीत दोष कुठे आहे हे शोधायचं तर एकेक कॉइल वेगळी करून टेस्ट लॅम्प लावायचा. त्यांनी माणसांनाही तो तसाच लावायचं ठरवलं. शेजारच्या सुगंधाबाई दिवसातून तीनदा साखर मागायला स्वयंपाकघरात येत. त्यांना द्रौपदाबाईंनी हळूच सांगितलं, "मला ना, पालीची फार भीती वाटते." तांब्याची तार घेऊन जळगावहून येणारा भूपेंद्र सदान्‌कदा मोबाइल काढून काहीतरी शूट करत असे. त्याला सांगितलं, "माझ्या लग्नात नवरा नाही, मी घोड्यावर बसले होते." दोन्ही साफ खोटं.

तिसरी कॉइल तपासावी की नाही, याचा विचार त्या चार दिवस करत राहिल्या. आधारभाऊ दर रविवारी सकाळी फोन घेऊन गच्चीवर जात. खाली रेंज मिळत नाही, म्हणत. घरात तर चांगली रेंज होती. शिवाय मालिका लागली की ते पुढे सरकून बसत, एकदाही हसत नसत, आणि संपली की न बोलता भांडी घासायला उठत. अपराधी माणूस असाच वागतो, द्रौपदाबाईंना वाटलं. आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तरी पाचव्या दिवशी जेवताना त्या सहज म्हणाल्या, "लहानपणी मी बापाचा रेडिओ उघडला होता. जुळवता आला नाही म्हणून चुलीत घातला." त्यांच्या बापाच्या घरी रेडिओ कधी नव्हताच.

आधारभाऊंचे डोळे चमकले. "हे कधी सांगितलं नाहीस!"

बावीस दिवस गेले. द्रौपदाबाई रोज साडेसातला टीव्हीसमोर बसत, समोर एखादी मोटार उघडून ठेवावी तशा. पाल आली नाही. घोडा आला नाही. तेविसाव्या दिवशी स्पॅनरवहिनी नवऱ्यावर पान्हा उगारून म्हणाली, "लहानपणी बापाचा रेडिओ चुलीत घातला मी! तुम्ही कोण लागून गेले?" पडद्यावरचा कप खडखडला. गलका उठला.

द्रौपदाबाईंनी टीव्ही बंद केला.

"कोनले सांगं तुम्हीन?"

आधारभाऊंनी नाही म्हणून पाहिलं नाही. "पुनमले," ते म्हणाले.

पुनम म्हणजे द्रौपदाबाईंच्या बहिणीची मुलगी. मुंबईत कुठल्याशा ऑफिसात लिहिण्याचं काम करते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते ऑफिस या मालिकेचं होतं. वर्षभरापूर्वी तिने काकांना विचारलं होतं, मावशीची गोष्ट लिहू का? आणि काका दर रविवारी गच्चीवर बसून सांगत राहिले. मावशी चाळीस किलोची मोटार एकटी कशी उचलते, गिऱ्हाइकाचं खोटं कसं पकडते, रिवाइंडच्या वाक्यावर दोघं कसे हसले.

"मग माझ्यापासून लपवलं कशाला?"

"पहिला भाग लागला की तुला समोर बसवून सांगणार होतो. पण लागला तो असा. म्हटलं, पुढचा बरा येईल. मग त्याच्या पुढचा." त्यांचा हात मांडीवर थरथरत होता. "हात कशाने हलतात, तेही तिला नीट सांगितलं होतं गं."

द्रौपदाबाईंना त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त, राग करता येईना याचा राग आला. या माणसाने चहाडी केली नव्हती. बायकोचं कौतुक केलं होतं, आणि वाटेत कुणीतरी त्याचा तमाशा केला होता. त्यांनी तिथल्या तिथे पुनमला फोन लावला.

"मावशी, मी वेगळंच लिहिलं होतं," पुनम रडवेली झाली. "त्यात काका आजारी होते, आणि तरी दोघं थट्टा करायचे. मीटिंगमध्ये म्हणाले, आजारपणावर लोक हसत नाहीत. बायको कमावते, नवरा रांधतो, मग तो तिला घाबरायलाच हवा. नाहीतर विनोद कुठून येणार?"

"असं कोण म्हणालं? नाव सांग."

"एक कुणी नाही, मावशी. सगळेच. सगळ्या मालिकांत असंच असतं ना. मीसुद्धा शेवटी मान हलवली."

द्रौपदाबाईंना हे पटलं नाही. जळालेल्या मोटारीमागे कुणीतरी असतोच. त्या म्हणाल्या, "हे बघ, पान्हा राहू दे. एप्रनही राहू दे, घालतात ते. पण हात थांबव. तो आजार आहे, भीती नाही. आणि माझी गोष्ट हवी असेल तर यापुढे मला विचार."

पुनम भांडली असावी. पंधरा दिवसांनी पडद्यावरचा कप खडखडायचा थांबला. कारण कुणी दिलं नाही. त्याऐवजी आता तो नवरा वहिनीला पाहून पलंगाखाली लपायला लागला. द्रौपदाबाईंनी मालिका बघणं सोडलं. आधारभाऊ मात्र अजून बघतात, आज तरी बरं येईल म्हणून. रविवारचा फोन आता खाली, दोघं मिळून करतात. आधारभाऊ रंगात येऊन काही वाढवून सांगायला लागले की द्रौपदाबाई मध्येच म्हणतात, "चाळीस किलो नाही, तीस."

फाल्गुनात रुपचंद पाटील पुन्हा मोटार घेऊन आले. आधारभाऊ त्या दिवशी काउंटरला बसले होते, बायकोने हट्टाने बसवलं होतं. रुपचंदनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आधारभाऊंनी थरथरता हात काउंटरवर ठेवला.

"कंपवात शे, रुपचंदभाऊ. सात वरीस झाले. बायकोना धाकमुळे नही."

रुपचंद त्या हाताकडे बघत राहिले. "माले ठाऊकच नव्हतं, भाऊ," ते पुटपुटले.

द्रौपदाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खरंच ठाऊक नव्हतं की नुसतं म्हणत होते, हे काही त्यांना कळलं नाही. त्यांनी मोटारीचं झाकण काढलं आणि विचारलं, "किती फेजवर चालवली?"