आक्काचा अंगठा

परदेशातल्या विद्यापीठाला माझी निवड करावीशी वाटली ती आक्कामुळे. मी कर्जतच्या कोर्टात वारसनोंदी आणि बांधाची भांडणं चालवणारी साधी वकील. आंतरराष्ट्रीय अपंगत्व कायदा आणि धोरण या विषयात आयर्लंडमध्ये एका वर्षाची पदव्युत्तर पदवी मिळते, वर शिष्यवृत्तीही मिळते, असं कळलं आणि मी अर्ज केला. या विषयाकडे का वळलात, यावर निबंध जोडायचा होता. मी लिहिलं, माझी थोरली बहीण जन्मापासून बहिरी आहे, नगरला बहिऱ्या मुलांची शाळा असूनही तिला कुणी तिथं घातलं नाही, तिच्यासाठी मला हे शिकायचंय. शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं.

हे आक्काला विचारून लिहिलं नव्हतं. आमच्या घरात खुणा होत्या, असतील तीस-चाळीस. मिशीला पीळ दिला की दादा, डोळ्यांभोवती बोटांचे गोल केले की चष्मेवाली मी. तोंड आंबट करून एक डोळा मिटला की लिंबू, पाची बोटं तोंडाशी नेली की जेवण. एवढ्या भांडवलावर आक्कानं आयुष्य काढलं. तिचं लग्न कुणी केलं नाही. विहिरीपलीकडची लिंबोणीची बाग मात्र तिची होती, सातबाऱ्यावर नव्हे, हातावर. आळी करणं, पाणी देणं, लिंबं तोडणं, सगळं तीच करायची. काट्यांनी तिचे हात कोपरापर्यंत कायम ओरबाडलेले असायचे, आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मिरवून दाखवायची.

आई-वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली. आमच्याकडे पोरींची नावं लागतात ती उतरवण्यासाठीच. बहिणींनी रजिस्टर ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडी घ्यायची आणि चांगल्या हॉटेलात जेवू घालायचं. जी सही करत नाही तिला माहेर राहत नाही. मी स्वतः किती बायकांना कोर्टाच्या पायरीवर 'सही करू नका' म्हणून समजावलं होतं! लोकांना सांगायला आपलं काय जातंय.

"तू जायाच्या आत तेवढं हक्कसोडीचं उरकून घिऊ," दादा म्हणाला. "पुन्हा तू तिकडं आन् कागद हितं लटाकलेला."

"आणि आक्काचं?"

"तिला मीच सांभाळतोय न्हवं? तिचा अंगठा घिऊ. तू वकील हायेस, तूच सांग सायबाला समजावून."

मी नाही म्हणू शकत होते. पण मला माहेर हवं होतं, विमानतळावर सोडायला दादा हवा होता, आणि घरात चांगली म्हणवून घ्यायचं होतं. माझा हिस्सा मी सोडला तो माझा प्रश्न. आक्काचा सोडताना मात्र मी आयजीच्या जिवावर बायजी उदार झाले.

ऑफिसात सर्व्हर बंद होता. सकाळी दहाला गेलेले आम्ही, दीड वाजून गेला. अखेर आमचा नंबर आला. साहेबांनी आक्काकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "यांना समजलंय ना? स्वखुशीनं देतायत ना? विचारा त्यांना माझ्यासमोर."

जमीन देण्याची खूणच आमच्याकडे नव्हती, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते. खोटं होतं ते. पायानं भुई दाबून, लिंबाची खूण करून, दादाची मिशी दाखवली असती तर आक्काला लख्ख कळलं असतं. कळेल म्हणूनच मी ते केलं नाही. मी तिच्याकडे वळले आणि पाची बोटं तोंडाशी नेली. जेवायला जायचं ना?

आक्का सकाळपासून उपाशी होती. तिनं जोरात मान हलवली, हसलीसुद्धा.

"हो म्हणतायत," मी साहेबांना सांगितलं. तिचा अंगठा यंत्रावर टेकला, फोटो निघाला. दादानं आम्हाला पोटभर जेवू घातलं. आक्काची साडी पिवळी होती.

तिकडे वर्गात आम्ही मोजकेच विद्यार्थी. त्यातला एक बहिरा होता. त्याच्यासाठी दोन दुभाषी बायका आळीपाळीनं समोर उभ्या राहायच्या आणि कुणी बोललेला शब्द न शब्द हातांनी त्याला सांगायच्या, स्वतःचं काही घालायच्या नाहीत, काही गाळायच्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात प्राध्यापक बाईंनी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातलं बारावं कलम शिकवायला घेतलं. अपंग माणसाचा निर्णय त्याचाच असतो, बाकीच्यांनी त्याला आधार द्यायचा, त्याच्या जागी स्वतः ठरवायचं नाही, असं त्याचं सार. तुमच्याकडचं उदाहरण द्या, म्हणाल्या. आणि मी, निर्लज्जपणे, हात वर केला. कसल्याही सोयी नसताना घरच्या खुणांच्या आधारे माझ्या बहिणीनं जमिनीचा व्यवहार कसा केला, ते मी सुरेख इंग्रजीत सांगितलं.

तो बहिरा मुलगा माझ्याकडे बघत होता. त्यानं हातांनी काहीतरी विचारलं आणि दुभाषी बाईंनी ते बोलून दाखवलं. "तू तिला नेमकं काय विचारलंस?"

"भावाला तुझा हिस्सा द्यायचाय का, असं," मी म्हणाले. माझं ते खोटं त्या दुभाषी बाईंनी इमानेइतबारे त्याच्या डोळ्यांपुढे मांडलं. प्राध्यापक बाईंनी उदाहरणाचं कौतुक केलं. माझा प्रबंध त्यावरच झाला, आणि मी विशेष श्रेणीत पास झाले. प्रबंधात आक्काला नाव नव्हतं. गोपनीयतेसाठी, अशी तळटीप मी दिली होती.

परत आले तेव्हा वेशीत फ्लेक्स लागला होता. 'गावची लेक, दिव्यांगांची आशा.' खाली शुभेच्छुक म्हणून दादाचा फोटो.

घरामागे गेले तर विहिरीपलीकडे लिंबोणीचं एक झाड नाही. तारेचं कुंपण आणि आत सोलर पॅनलच्या रांगा.

"सोलरवाल्यांना भाड्यानं दिली," दादा म्हणाला. "कटकट न्हाई, मजूर बघायला नगं."

"आक्काला सांगितलं होतं?"

"तिला काय सांगायचं? झाडं पाडली तवा लई रडली. दोन दिस जेवली न्हाई. मंग ऱ्हायली गप."

आक्का ओट्यावर बसली होती. तिच्या हातावर एक ओरखडा नव्हता. इतके स्वच्छ हात मी तिचे कधी पाहिले नव्हते, आणि मला ते बघवेनात. हक्कसोड रद्द करायला दावा लावता येतो, हे मला पदवीच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यात पहिली साक्ष माझी असणार. साहेबांसमोर मी खोटं सांगितलं, असं शपथेवर म्हणावं लागणार. त्यानंतर वकिलीची सनद राहील की नाही, सांगता येत नाही. दादाशी नातं तर संपलंच. पण आधी आक्काला विचारायला हवं होतं, या वेळी खरंखुरं.

मी तिच्यासमोर बसले. पायानं भुई दाबली. लिंबाची खूण केली, कुंपणाकडे बोट दाखवलं आणि हात पसरून विचारलं, परत पाहिजे?

आक्कानं आपला अंगठा ओट्याच्या फरशीवर दाबला. पाची बोटं तोंडाशी नेली. आणि दोन्ही हातांच्या बोटांचे गोल करून डोळ्यांवर धरले.

वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिनं तीन खुणांत दिलं.

मग ती उठून आत गेली, आणि तिनं माझं ताट वाढून आणून माझ्यापुढे ठेवलं. मी जेवले. दावा अजून लावलेला नाही.