रुखवतातलं विमान

बायको गेल्यावर लोकांना माझी विमानं दिसायला लागली. इतकी वर्षं ती बाहेरच्या सोप्यातल्या काचेच्या कपाटात आहेत, कुणाची नजर गेली नाही. आता माणसं भेटायला येतात, चहा पितात, दोन वाक्यांत त्यांचं दुःख संपतं, आणि पुढं काय बोलायचं ते सुचेनासं झालं की मान वळवून कपाटाकडं बघतात. मग म्हणतात, छंद चांगला हाय काका, परत सुरू करा, वेळ जाईल. वेळ काय माझ्या दारात अडून बसलाय? तो जातोच आहे. त्याला ढकलायला मी लागत नाही.

एक इंजिनिअर तर माझ्यासाठी खोकं घेऊन आला. आत प्लॅस्टिकचे तुकडे, प्रत्येकावर नंबर, सोबत गोंदाची ट्यूब. एकाला एक चिकटवलं की झालं विमान. म्हणाला, मीपण करतो, मोठा नाद आहे मला. भाजी चिरून, मसाला वाटून आयता मिळाला आणि ह्यानं फक्त चूल पेटवली, तरी हा आचारी. खोकं मी ठेवून घेतलं. त्यात आता खिळे आहेत.

माझी विमानं लाकडाची. चौथीनंतर मी शाळा सोडली आणि ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्न करायला लागलो. आधी नग लाकडात करायचा, तो मातीत दाबून साचा घ्यायचा, मग त्यात लोखंड ओतायचं. लाकडात चूक राहिली की तीच चूक लोखंडात उतरते, म्हणून हात बरा झाला. उरलेले सागवानाचे तुकडे मी घरी आणायचो. लढाईच्या काळातली इंग्रजी मासिकं रद्दीत मिळायची. त्यात विमानांची चित्रं असायची, एक वरून, एक पुढून, एक बाजूनं. खालचं इंग्रजी मला कळायचं नाही, पण आकडे कळायचे आणि आकडे पुरायचे. सहा फुटाला एक इंच असं माप धरायचो. पटाशीनं कोरायचं, कानशीनं घासायचं, पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायचं. वीतभर विमानाला दोन-दोन महिने जायचे.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहून असलं काही करणं म्हणजे अंगावर दगड ओढून घेणं. आमच्या गल्लीत दोनच गोष्टींना किंमत होती, कुस्ती आणि फुटबॉल. बाकी सगळं बायकी. तालमीतली पोरं दारात यायची, विमान उचलून बघायची आणि विचारायची, उडतंय काय? नाही म्हटलं की ठेवून द्यायची. उडत न्हाय तर मग विमान कसलं? तालमीत त्यांचा मारुती होता, एका हातावर डोंगर घेतलेला. त्याला कधी कुणी विचारलं नाही की बाबा, डोंगर जरा हलवून दाखव. पण ते मारुतीचं झालं. माझ्या विमानाला मात्र उडायलाच पाहिजे होतं. डोकं मातीत घोळवून घोळवून त्यांच्या डोक्यात मातीच गेली होती, दुसरं काही नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं, तेव्हा माझं लग्न ठरलं. मुलगी हुपरीची. घरात चांदीचं काम, पैंजणांचं. बाप आणि भाऊ ठोकायचे, ओढायचे, आणि घरातल्या बायका कड्या जोडायच्या, घुंगरं भरायच्या. आम्ही मुलगी बघून आलो, मग तिचा भाऊ आमचं घर बघायला आला. घर काय बघायचं, दोन खोल्या आणि सोपा. आईनं आदल्या दिवशी सगळी विमानं खाटेखाली ढकलली होती, मुलगा खुळा वाटू नये म्हणून. पण एक फळीवर राहिलं. तिच्या भावानं ते उचललं, बोट फिरवलं, बोटावरची धूळ बघितली, आणि ते परत फळीवर ठेवलं. मी मनात म्हटलं, मोडलं लग्न. मोडलं नाही. पण घरी जाऊन त्यानं सगळं सांगितलं.

लग्न हुपरीत, मुलीच्या दारात. अक्षता पडल्या आणि बायका मला रुखवत बघायला घेऊन गेल्या. मुलीकडच्यांनी मुलीच्या हातचं सगळं मांडायचं आणि मुलाकडच्यांनी त्याला नावं ठेवायची, असं ते काम. आमच्यात त्यासाठी आत्ती होती, माझ्या वडलांची बहीण. तिनं आयुष्यात एक करंजी धड केली नाही, पण दुसऱ्याच्या करंजीचा काठ बघायला तिच्याइतकं तयार कुणी नव्हतं. लाडू, चिरोटे, मण्यांचं तोरण, सुपारीचे भटजी, आणि सगळ्यांच्या मधोमध, पाटावर, विमान.

हातभर लांब होतं. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर चंदेरी बेगड चिकटवलेली. खिडक्या कापलेल्या, आणि आत माणसं बसवलेली. डोकी सुपारीची, पुढं फेटेवाला, त्याला काळ्या दोऱ्याच्या मिशा, शेजारी लुगड्यातली बाई, तिच्या नाकात खरीखुरी चांदीची नथ, राईएवढी. बायका हसत होत्या, आमच्याकडच्यापण. आत्तीलासुद्धा नाव ठेवायला काही सापडेना. सगळे माझ्याकडं बघत होते, मी काय म्हणतो म्हणून.

मी विमान बघत होतो. त्याला शेपटावर उभा पंख नव्हता. आडवा होता, पक्ष्यासारखा पसरलेला, पण उभा नव्हता. कारण उघड आहे. तिनं विमान बघितलेलं ते आभाळात, खालून, आणि खालून बघणाऱ्याला उभा पंख कुठून दिसणार? मी म्हणालो, "ह्याला मागं उभं शेपूट न्हाय. हे पडंल."

आजही सांगतो, खरं होतं ते. पडलंच असतं. पण आत बसलेला फेटेवाला म्हणजे मी आणि लुगड्यातली बाई म्हणजे ती, हे त्या मांडवात माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं होतं. आईनं कपाळावर हात मारून घेतला. कुणीतरी कडाकडा बोटं मोडली. लग्नाच्या दिवशी, अक्षता अंगावर असताना, नवरा म्हणतो पडंल.

तरी ते तिथं निभलं असतं. पाहुण्यांना भूक लागली होती, बुंदीचा वास सुटला होता. पंगत मांडली, आम्हाला शेजारी बसवलं. पहिला घास भरवायच्या आधी नवरीनं नाव घ्यायचं. सगळ्या बायका मागं लागल्या, घे की गं, घे की. मान वर न करता तिनं घेतलं, स्पष्ट आवाजात, मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. माझं नाव होतं ती जागा मी मोकळी सोडतो:

माझ्या विमानात राजाराणी, तुमच्या विमानात धूळ,
… रावांस्नी पडायचंच दिसतंय, हे कुठनं आणलंय खूळ.

मुलीकडच्या बाजूला हसू फुटलं आणि लगेच मेलं, कारण आत्ती पत्रावळीवरनं उठली होती.

मानपान ही एक चमत्कारिक गोष्ट आहे. घरात ज्याला कुणी पाणी विचारत नाही, त्याचा मान लग्नात सगळ्यात मोठा असतो. आत्ती म्हणाली, नवऱ्याला भर पंगतीत खुळा म्हणणारी सून आम्हाला नको, आधी तिनं सगळ्यांच्या पाया पडून माफी मागायची, मगच आम्ही अन्नाला हात लावणार. तिच्यामागनं माझा मामा उठला. त्याला कारणसुद्धा नीट ऐकू आलं नव्हतं. मग तालमीतली पोरं उठली, कारण उठायचं म्हटलं की त्यांना विचार करावा लागत नाही. खुळा म्हणायला हीच पोरं रोज माझ्या दारात यायची. आज त्यांना माझ्या अब्रूची काळजी.

तिचा बाप हात जोडून प्रत्येकापुढं वाकत होता. म्हातारा माणूस, फेटा सुटलेला. तिला सांगत होता, पाया पड बाई, संपव. ती जागची हलली नाही. रडलीपण नाही, पत्रावळीकडं बघत बसली. पंगत मोडली तर काय होणार ते मला दिसत होतं. आमची माणसं उपाशी परत गेली असती आणि ती माझ्याबरोबर त्या घरात आली असती जन्मभराचा शिक्का घेऊन. स्वैपाक केला तरी तोंडाळ, गप्प बसली तरी तोंडाळ. आत्तीनं तिला मरेपर्यंत सोडलं नसतं. तेवढ्यात बाप रुखवताकडं वळला आणि म्हणाला, ह्या विमानानंच घात केला, मोडूनच टाकतो. त्यानं ते उचललं.

मी उठलो आणि त्याच्या हातातनं ते काढून घेतलं. माफीचं म्हणाल तर मला कुणाची नको होती आणि मी कुणाची मागणारही नव्हतो. तिनं म्हटलेलं खरं होतं, धूळ होतीच. आणि मी म्हटलेलंही खरं होतं. मग मधे काय उरलं? एक शेपूट. विमान मी तिच्यापुढं पत्रावळीशेजारी ठेवलं. पानाच्या तबकातला अडकित्ता घेतला, कुणाच्या तरी खिशातली लग्नाची पत्रिका घेतली. पत्रिका जाड होती, चांगल्या कागदाची. पंख कापायला जरा वेळ गेला, कारण अडकित्ता सुपारीसाठी असतो. खालच्या बाजूला थोडा कागद दुमडायला ठेवला. पत्रावळीवरचा भात बोटानं चुरून त्याची खळ केली.

"धर," मी म्हटलं. "शेपूट हलवू नको."

तिनं धरलं. पहिल्यांदा वर बघितलं ते तेव्हा, आणि तेही माझ्याकडं नाही, पंखाकडं. मी पंख चिकटवला, तो एका बाजूला कलला. ती हळू म्हणाली, "डावीकडं घ्या की जरा." घेतला. सगळा मांडव माना उंचावून बघत होता. शेकडो माणसं, आणि नवरानवरी पंगतीत बसून भातानं कागद चिकटवत होती. भात वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी धरून बसावं लागलं.

"आता पडायचं न्हाय," मी आत्तीकडं बघून म्हणालो. "बस जेवायला."

आत्ती बसली असती की नाही कुणास ठाऊक, पण तेवढ्यात तालमीतली पोरं बसली. बुंदी थंड व्हायला लागली होती. भुकेपुढं मानपान किती टिकतो ते त्या दिवशी मी बघितलं, आणि पुढं कधी कुणाच्या मानपानाला घाबरलो नाही. मामा बसला. शेवटी एकटीच उभी राहून काय करणार, म्हणून आत्तीही बसली, आणि तीनदा बुंदी मागून घेतली. नवरीनं पाया पडायचं परत कुणी काढलं नाही. तिचा बाप फेटा बांधत कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडं मला बघवलं नाही.

संध्याकाळी एस.टी.नं कोल्हापूरला निघालो. वऱ्हाड पुढं गोंगाट करत होतं, आम्ही दोघं मागच्या बाकावर आणि माझ्या मांडीवर ते विमान. बराच रस्ता गेल्यावर तिनं विचारलं, तुमच्या विमानात माणसं का नसतात? मी म्हणालो, मापात बसत नाहीत. सहा फुटाला एक इंच, म्हणजे माणूस इंचाचा, त्याचं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. कोण करणार?

"घुंगरात खडा घालत्यात न्हवं," ती म्हणाली, "तो ज्वारीहून बारीक असतोय."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतेय. पण महिन्याभरात तिनं माहेरून चांदीची बारीक तार आणि चिमटा आणवला. तार वळून, ठोकून, डाग देऊन सांधे जोडून तिनं माणूस घडवला, खरंच इंचाच्या मापाचा, गुडघे वाकवून बसलेला, हात पुढं. माझं सगळ्यात चांगलं विमान लढाऊ होतं, एका माणसाचं, तोवर केलेल्यांत तसलं तेवढंच. भरीव सागवान, काचेची जागा नुसती काळी रंगवलेली. त्यात मी पटाशी घातली आणि खड्डा कोरला. पहिला टवका उडाला तो उचलून खिशात घातला. तिनं चिमट्यानं माणूस आत ठेवला. बरोबर बसला. आणि मग तिनं पदराच्या गाठीतनं दुसरा काढला.

मी म्हटलं, हे एकट्याचं विमान आहे. ह्यात एकच बसतो.

"एवढ्या वर एकटाच? मग बोलायचं कुणाशी?"

"तो लढायला चाललाय. बोलायला न्हाय."

"मग तर पायजेच की कुणीतरी."

तिला मी मासिकातलं चित्र दाखवलं, आकडे दाखवले, मागं पेट्रोलची टाकी असते तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसरा माणूस पहिल्याच्या मागं, टाकीच्या जागेवर, दाबून बसवला. मी काढला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातनं आलो तर परत बसलेला. परत काढला, परत बसला. आठवडाभर आम्ही हेच केलं. शेवटी मी ते विमान तसंच ठेवलं, आणि त्यानंतर एकट्याचं विमान कधी केलंच नाही. प्रवासी केली, माल वाहणारी केली, दोन पायलटांची केली. खूप वर्षांनी चंद्रावर माणसं गेली, तेव्हा त्यांचं यानही केलं. त्यात तिघं होते. तिला ते पसंत पडलं.

आता येणारे शहाणे कपाटापुढं उभे राहून विचारतात, काका, लढाऊ विमान एकच कसं हो? आणि त्यात दोन माणसं कशी, चुकलंय की. मी व्हय म्हणतो. चहा झाला असेल तर निघा म्हणतो.